वयापेक्षा जास्त वर्षं

कमळताई प्रधानांच्या हाताखालून गेलेल्या फॉर्ममध्ये पुन्हा चूक सापडत नसे, अशी संस्थेत त्यांची ख्याती होती. सांताक्रूझच्या त्या अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. हुद्दा बदलत गेला, काम तेच राहिलं. छाननी. पाहणीला गेलेली मुलं-मुली वस्त्यांतून, बाजारांतून फॉर्म भरून आणत आणि कमळताई लाल पेन घेऊन ते तपासत. बापाचं वय चाळीस आणि थोरल्या मुलाचं तीस, असा फॉर्म त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. घरात माणसं पाच आणि जेवणारी सात लिहिलेली दिसली की त्या उठून त्या मुलाच्या टेबलाशी जायच्या. "काय रे, हे दोघं कुठून आले? पंगत होती का?" सगळं ऑफिस हसायचं. तो मुलगा मात्र पुढे जन्मभर माणसं नीट मोजायचा.

निवृत्त होऊन आता अठरा वर्षं झाली होती. त्यांचे साहेब, डॉ. चंद्रप्रकाश, जाऊनही बारा वर्षं झाली. त्यामुळे कोणा अक्षताचा फोन आला आणि तिनं सत्याऐंशी सालच्या मासळीबाजारांच्या पाहणीबद्दल विचारलं, तेव्हा फार दिवसांनी कोणी माहेरची चौकशी करावी तसं कमळताईंना झालं. "ये की शनिवारी. दहाला ये. पार्ल्यात उतरलीस की चालत दहा मिनिटं," त्या म्हणाल्या आणि नारळाच्या वड्या करायला घेतल्या.

अक्षता चारकोपची. तिशीच्या आतली, कायद्यात पीएचडी करणारी, बोलायला मोकळी. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून एक जुना अहवाल काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट झालेली. कमळताईंनी तो हातात घेऊन नुसताच कुरवाळला.

"मॅडम, माझा विषय साधा आहे," अक्षता म्हणाली. "बाजारात जुनं कोण आणि नवं कोण, हे सरकार ठरवतं कसं? कायद्यात 'परंपरागत' असा शब्द येतो. पण परंपरा मोजायची कशी, ते कोणीच सांगत नाही. मग मागे मागे जात मी या अहवालापाशी आले. तक्ता चार."

तक्ता चार कमळताईंना पाठ होता. अंधेरीकडच्या त्या जुन्या बाजारात मासळी विकणाऱ्या बायांपैकी अठ्ठावन्न टक्के बाया पाच वर्षांच्या आत आलेल्या.

"या आकड्यावरून सरकारी समितीनं दोन वर्ग केले," अक्षता सांगत होती. "पाहणीतल्या नोंदीप्रमाणे पाच वर्षांहून जुन्या बाया कायम. त्यांना गुलाबी कार्ड, आणि त्यांचा ओटा वारसाला जाणार. बाकीच्या तात्पुरत्या. त्यांना पिवळं कार्ड. ती बाई आहे तोवर ओटा, मग संपलं. आता नवी मंडई बांधून होतेय आणि ओटे वाटायचेत. पिवळ्या कार्डवाल्या बहुतेक साठीला आल्यात. एक लता नावाची बाई आहे, गुडघे पार गेलेत तिचे. पाच वर्षं सून, रोशनी, धंदा करते. पण लतामावशीला रोज येऊन ओट्यावर बसावं लागतं, कारण तपासणीला आले आणि कार्डावरची बाई दिसली नाही तर ओटा जातो. महिन्याभरात सुनावणी आहे. ती म्हणते, आम्ही इथे शंभर वर्षं बसतो."

"शंभर!" कमळताई हसल्या. "आकडा फेकायला त्यांचं काय जातं? तुला सांगते, त्या 'विकते' म्हणतच नाहीत, 'बसते' म्हणतात. आमची एक नवी मुलगी धंद्याच्या रकान्यात 'काही नाही, बसून असते' असं लिहून आली होती! मी तिला चांगली झापली."

अक्षताही हसली. तिनं वडी उचलली, भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्यापासून पार्ल्यातच?"

"पहिल्यापासून म्हणजे? अडतीस सालापासून आहोत आम्ही पार्ल्यात! तेव्हा समोर भाताची खाचरं होती. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं."

"अय्या, मग तुमचं वय..."

"माझं? मी एकोणपन्नासची."

बोलून झालं आणि कमळताईंचा हात बशीवरच राहिला.

त्या मुलीनं मुद्दाम विचारलं नव्हतं. ती लिहीतही नव्हती, वडी खात होती. पण कमळताईंच्या कानात त्यांचंच वाक्य घुमत राहिलं. अडतीस सालापासून आहोत आम्ही. जन्माच्या अकरा वर्षं आधीपासून. हे वाक्य त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल. सोसायटीच्या सभेत, वाण्याच्या दुकानात, नव्या शेजाऱ्यांपुढे, नेहमी थोडं मान वर करून. एकदाही कोणी त्यांना चूक काढून दाखवली नव्हती.

"त्या वेळी हा कालावधीचा प्रश्न नेमका कसा विचारला होता?" अक्षतानं विचारलं.

"आठवावं लागेल गं," कमळताई म्हणाल्या. "फार वर्षं झाली."

हे खोटं होतं. त्यांना सगळं आठवत होतं.

त्या वेळी फॉर्म यायला लागले आणि कमळताईंच्या लक्षात आलं की या बाया अचाट आकडे सांगतात. वय पंचवीस, बाजारात किती वर्षं, तर पन्नास. वय तीस, वर्षं सत्तर. मग त्यांनी स्वतः एक नियम लिहून काढला. छाननी सूचना क्रमांक सात: कालावधी उत्तर देणाऱ्याच्या वयापेक्षा जास्त असल्यास ती नोंद चूक समजावी आणि लग्नाच्या सालावरून दुरुस्त करावी. पण नुसतं टेबलावर बसून दुरुस्ती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दहा फॉर्ममागे एक त्या स्वतः जाऊन पडताळत. म्हणून एका सकाळी त्या बाजारात गेल्या. साडीच्या निऱ्या एका हातानं उचलून धरलेल्या, दुसऱ्या हातात फॉर्म.

ओट्यावर एक सडसडीत मुलगी हलव्याचे तुकडे करत होती.

"लता तूच ना? किती वर्षं बसता इथे?"

"साठ."

"वय काय तुझं?"

"बावीस."

"मग साठ वर्षं कशी गं बसलीस? आईच्या पोटातून?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. लताही हसली. मग कोयता बाजूला ठेवून, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "बाय, मी कुटं म्हनते मी बसली? आमी बसतो. आजेसासू बसली, मंग सासू बसली. तिचं गुडघं गेलं तवा मी आली. ओटा तोच हाय."

"ते ठीक आहे. पण तू कधीपासून?"

"मी? लगीन झालं तवापासून. तीन वर्सं."

"हां. मग तीन सांग ना!" कमळताई म्हणाल्या, आणि साठावर लाल रेघ मारून त्यांनी तीन लिहिलं.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिच्या फॉर्मवर चाळीस होतं. वय अठ्ठावन्न. त्यात चूक काहीच नव्हती. कमळताई पुढे गेल्या.

परत येताना बसमध्ये मात्र त्यांना काहीतरी खुपत राहिलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी डॉक्टरसाहेबांना सांगून पाहिलं. "सर, या बाया स्वतःची वर्षं सांगत नाहीत. जागेची सांगतात."

डॉ. चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला. ते मूळचे अलाहाबादकडचे, पण मराठी इतकं नेटकं बोलायचे की ऐकत राहावं. "कमळ," ते म्हणाले, "जागा उत्तर देत नाही. उत्तर माणूस देतो."

कमळताईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं. पुढे वीस वर्षं दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी त्या ते ऐकवत. खुपणं तिथेच थांबलं. चार दिवसांत त्यांनी एकशे सव्वीस फॉर्म दुरुस्त केले. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

साहेब वाईट नव्हते. पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. पण कमळताईंनी पुन्हा विचारलं नाही. अडतीस वर्षांच्या होत्या त्या. त्या माणसानं आपल्याला हुशार म्हणावं, यापुढे त्या काळात त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं.

अक्षता गेल्यावर दोन आठवडे त्या तोंडात गुळणी धरून राहिल्या. तिचे दोन फोन त्यांनी उचलले नाहीत. नियमाप्रमाणे पाहिलं तर आपण चुकलोच नाही, असं स्वतःला पटवून झालं. दुपारी आडवं झालं की लताचा चेहरा समोर यायचा. रागावलेला नाही. समजावणारा. ओटा तोच हाय. इतकं सोपं करून सांगितलं होतं तिनं.

शेवटी त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"अक्षता, त्या तक्त्यातला आकडा मी केलाय. मी एकटीनं." आणि सूचना क्रमांक सातपासून सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, ते फॉर्म आहेत का कुठे? लाल रेघेखालचा जुना आकडा दिसत असेल ना?"

"नाहीत. पाच वर्षांनी रद्दीत देण्याचा नियम होता. यादीवर सही माझीच आहे."

"मग तुम्ही सुनावणीत सांगाल? लेखी?"

"सांगेन. पण आधी मला तिच्याकडे घेऊन चल."

बाजार आता पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये होता. लता स्टुलावर बसली होती, पाय समोर खोक्यावर लांब केलेले, केस पांढरे, नाकातली नथ तेवढी जुनी. पुढे रोशनी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. "पापलेट हाय ताई, भेंडी नाय, दर विचारून दाबून बघायला!"

लतानं कमळताईंकडे नीट पाहिलं. "तू ती लिवनारी."

"ओळखलंस?"

"निऱ्या उचलून आली व्हतीस. पानी लागंल म्हनून."

कमळताईंनी घरून वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी विसरली. "लता, मी तुझं चुकीचं लिहिलं."

"ठाव हाय मना. तवाच सांगलं व्हतं तुला."

"हो. सांगितलं होतंस."

"मंग?"

"मी ऐकलं होतं," कमळताई म्हणाल्या. "लिहिलं नाही."

शेजारच्या ओट्याकडे लतानं हनुवटीनं दाखवलं. "हिची सासू तवा ओट्यावर व्हती. तिचं चाळीस लिवलंस. त्यांना गुलाबी कार्ड. आता नात बसनार हाय, झोकात. माजी सासू तवा घरी खाटेवर. तिच्यापेक्षा दहा वर्सं म्होटी व्हती ती. तिला कोन इचारायला गेलं नाय."

"नाही गेलो," कमळताई म्हणाल्या. हा विचार त्यांच्या मनात अडतीस वर्षांत एकदाही आला नव्हता. ज्या घरच्या म्हाताऱ्या हातीपायी धड होत्या ती घरं जुनी ठरली. ज्यांच्या आधी थकल्या ती नवी.

"रडू नको बाय," लता म्हणाली. "गिऱ्हाईक बिचकतंय. येवडं सांग, रोशनीचं काम व्हईल का?"

"माहीत नाही. पण मी जे केलं ते सगळं सांगेन."

"सांग. तू सांगितलंस तर आयकतील. आमचं कोन आयकतंय?"

सुनावणी बुधवारी होती, सरकारी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. लता एकेक पायरी थांबत चढली. अधिकारी चाळिशीचा, सभ्य माणूस होता. त्यानं कमळताईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांचं तीन पानी निवेदन त्यानं मन लावून वाचलं. तो उर्मट असता तर बरं झालं असतं, असं पुढे कमळताईंना वाटलं.

"मॅडम, हा अहवाल मी परीक्षेसाठी वाचला होता," तो म्हणाला. "आम्हाला नमुना म्हणून दिला होता, आकडे कसे असावेत याचा." त्यानं प्रस्तावना उघडली. "डॉक्टरांनी लिहिलंय बघा. 'या पाहणीतील प्रत्येक नोंद दोनदा तपासली असून तक्त्यांबाबत शंकेला जागा नाही.' ही तपासणी तुमचीच ना?"

"माझीच."

"आणि आता तुम्ही म्हणता की एकशे सव्वीस नोंदी चुकीच्या."

"नोंदी बरोबर होत्या. मी चुकवल्या."

"मूळ फॉर्म?"

"रद्दीत गेले. मीच दिले."

"म्हणजे आधार फक्त तुमच्या आठवणीचा." त्यानं पेन खाली ठेवलं. "राग मानू नका. पण एका बाजूला छापील अहवाल आहे, त्या वेळच्या कमळताईंनी तपासलेला. दुसऱ्या बाजूला आजच्या कमळताई. मी कोणाचं खरं मानू?"

"आजचीचं," त्या म्हणाल्या. "तेव्हाची कोणाचं ऐकत नव्हती."

तो हसला नाही. खरंच विचारात पडल्यासारखा दिसला. अक्षतानं मध्येच सांगून पाहिलं की ओट्याचा हक्क घराण्याचा असू शकतो, कायद्यात तशी वाट आहे. तो म्हणाला, "असेल. पण तो निर्णय वर व्हायला हवा. वर्गवारी मी बदलू शकत नाही." कमळताई पुन्हा बोलू लागल्या. आजेसासू, सासू, गुडघे, तीन. बोलता बोलता त्यांना कळत होतं की आपण इतकी वर्षं ज्या कसोटीनं दुसऱ्यांची उत्तरं कापली, त्या कसोटीला आज आपलं उत्तर टिकत नाही. कागद नाही. साक्षीदार नाही. म्हातारी बाई मोठं काहीतरी सांगते आहे. त्यांच्या टेबलावर असा फॉर्म आला असता, तर त्यांनीही रेघच मारली असती.

निर्णय अर्ध्या तासात झाला. निवेदनाची नोंद घेतली. लताचं कार्ड पिवळंच. रोशनीला मदतनीस म्हणून ओळखपत्र मिळेल, म्हणजे लताला रोज येण्याची सक्ती नाही. ते लताच्या कार्डाबरोबर चालू आणि त्याच्याबरोबर बंद. अपील करता येईल. अक्षता अपिलाचं सगळं लिहून घेत आत थांबली. रोशनी ओळखपत्राच्या रांगेत गेली.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी दोघी म्हाताऱ्या उभ्या राहिल्या.

"नीट सांग मना," लता म्हणाली. "मी हाय तवर रोशनी. मी गेली का ओटा बी गेला?"

"हो."

"आनि तू तीनच्या जागी साठ लिवलं असतंस तर?"

"तर गुलाबी कार्ड. ओटा रोशनीचा. मग तिच्या सुनेचा."

लतानं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. "मंग आता मना मरून चालाचं नाय," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. जिन्यावरचा शिपाई वळून बघायला लागला.

कमळताईंना हसता आलं नाही. "अपिलात मी पुन्हा येईन. सांगतील तिथे येईन."

"तू किती वर्साची?"

"शहात्तर."

"अपील किती वर्सं चालंल?"

लतानं पहिल्या पायरीवर पाय टाकला, कळ आली म्हणून थांबली आणि हात पुढे केला. कमळताईंनी तो धरला. दोन मजले उतरेपर्यंत तिनं हात सोडला नाही. माफ केलं म्हणून नव्हे, गुडघा दुखत होता म्हणून. खाली आल्यावर रोशनी मागून धावत आली, गळ्यात नवं ओळखपत्र, फीत अजून कडक. "आई, चला लवकर, बर्फ वितळला असेल."

लतानं हात सोडला आणि रिक्षा थांबवली. सुनेला आधी आत बसवलं, मग पाय हातानं उचलून स्वतः बसली. रिक्षात तिसऱ्या माणसाला जागा होती. ती कमळताईंना चल म्हणाली नाही.